नवतप्यात घरात अडकलेल्या ३४ किलोच्या लॅबला काय शिकवायचं?

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो, दीड वर्षाचा आणि ३४ किलोचा. घर दोन बेडरूमचं. मे महिन्यात पहाटेचं फिरणं झालं की दिवसभर तो घरातच असतो, कंटाळतो, सोफ्याचे कोपरे कुरतडतो आणि आल्यागेल्यावर उड्या मारतो. बिस्किट दिसल्याशिवाय ऐकत नाही. घरात ७४ वर्षांचे सासरे आहेत, ते ब्रूनोला बिस्किट दिल्याशिवाय राहत नाहीत, आणि आठ वर्षांची मुलगी आहे. त्याला घरातल्या घरात काही गमतीचं शिकवता येईल का, आणि रोज खाऊ दिला तर वजन वाढणार नाही का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, शिकवता येईल, आणि या दिवसांत शिकवायलाच हवं. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागतो, पारा ४५च्या पुढे जातो आणि रात्री आठलासुद्धा डांबरी रस्ता तापलेला असतो. हाताची पाठ रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्यावर कुत्र्याला चालवायचं नाही. म्हणजे पहाटे फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर एक चक्कर झाली की उरलेला सगळा दिवस त्याच्या डोक्याला खुराक घरातच द्यावा लागतो.

काय काय शिकवायचं ते सांगण्याआधी एक गोष्ट पक्की करा, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कुत्र्याला खाऊ जिथे मिळतो, तिथेच तो पुन्हा येतो. आपण तोंडाने काय बोललो यापेक्षा हाताने खाऊ कुठे दिला, हे त्याला जास्त शिकवतं. ब्रूनोला बिस्किट बहुतेक वेळा वरून, तुमच्या छातीच्या उंचीवरून मिळत असणार. मग त्याचे पाय जमिनीवर राहावेत तरी कशाला? उद्यापासून प्रत्येक तुकडा त्याच्या हनुवटीच्या खाली द्या किंवा सरळ जमिनीवर ठेवा. काही दिवसांत त्याची नजर खाली वळेल. उडी मारण्याबद्दल रागावण्याची गरज त्यानंतर बरीच कमी होते.

आता बिस्किट दिसल्याशिवाय न ऐकण्याबद्दल. हा हट्ट नाही, त्याला असंच शिकवलं गेलं आहे. आधी डबा वाजतो, मग बिस्किट दिसतं, मग ‘बस’ म्हणतात, असा क्रम त्याने पाठ केला. त्याच्या हिशेबाने बिस्किट हाच हुकूम आहे. क्रम उलटा करा. नवीन हालचाल शिकवताना खाऊ नाकापुढे धरून त्याला वळवायला हरकत नाही, पण पाच-सहा वेळाच. त्यानंतर हात तसाच फिरवायचा, मात्र रिकामा. हालचाल झाली की खाऊ दुसरीकडून यायला हवा: कंबरेच्या पिशवीतून, टीव्हीच्या कपाटावरच्या डबीतून, कुठूनही. हात रिकामा असला तरी काम केल्यावर मिळतंच, हे त्याला उमगलं की तुमचं अर्धं काम झालं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, कारण नाकापुढे खाऊ धरला की कुत्रा लगेच वळतो आणि आपल्याला वाटतं, शिकला. तो खाऊच्या मागे गेलेला असतो, शिकलेला नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एक ठरलेला आवाज. बरोबर हालचाल झाली त्या क्षणी तो आवाज, आणि लगेच, एक-दोन सेकंदांत, खाऊ. खाऊ तोंडापर्यंत पोचेस्तोवर कुत्रा हलतो, मग नेमकं कशाचं बक्षीस मिळालं हे त्याला कळत नाही. आवाज तो क्षण पकडून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली एका लेखात सामान्य माणसाने घरच्या कुत्र्याला याच रीतीने कसं शिकवावं हे लिहिलं होतं, आणि डॉल्फिन शिकवणारे शिट्टी वापरतात तीही याचसाठी. क्लिकर मिळतो, पण जीभ टाळ्याला लावून काढलेला ‘टक्’ आवाजही पुरतो. सुरुवातीला नुसतं टक् आणि खाऊ, टक् आणि खाऊ, असं दहा-पंधरा वेळा करा. टक् ऐकून त्याने झटकन तुमच्याकडे पाहिलं की समजा, अर्थ लागला.

नागपुरात याला एक अडचण आहे, ती म्हणजे कूलर. त्याच्या घरघरीत टक् विरतो आणि तोंडी हुकूमही नीट पोचत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला हाताची खूण ठेवा आणि शब्द नंतर जोडा. तसंही कुत्रे शब्दांपेक्षा हातवारे लवकर पकडतात. खुणेवर दहापैकी आठ वेळा बरोबर करायला लागला, की आधी शब्द, क्षणभर थांबून खूण, या क्रमाने शब्द चिकटवायचा. कुठल्या कामाला कोणता शब्द, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. नाहीतर आजोबा ‘बैठ’ म्हणणार, मुलगी ‘सिट’ म्हणणार आणि ब्रूनो दोघांच्या तोंडाकडे बघत उभा राहणार.

कूलरचं आणखी एक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, जिभेवरचं आणि घशातलं पाणी उडवून गार होतो. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि तेच पाणी उडेनासं होतं. त्या खोलीची खिडकी किंवा दार उघडं हवं. सराव एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, बस. जीभ लांब लोंबायला लागली की थांबायचं. हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट आणि चिकट, चाल डळमळीत, उलटी, यातलं काहीही दिसलं तर तो उष्माघात समजा. अंगावर साधं गार पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या वर गेलं तर जिवाशी खेळ आहे.

आता फरशी. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स मोठ्या कुत्र्याच्या सांध्यांच्या शत्रू आहेत. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा आनुवंशिकतेने सैल असण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि एवढ्या वजनाचा कुत्रा घसरत वळला तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो. म्हणून हॉलमध्ये चेंडू फेकणं बंद. जाड दरी (सतरंजी) किंवा खाली रबर असलेली चटई पसरा, सगळा सराव तिच्यावरच. पंजाची नखं कापलेली हवीत आणि बोटांमधले केसही. मोठ्या जातींची हाडं वाढायचं थांबायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, अवाढव्य जातींत त्याहूनही जास्त. म्हणून मागच्या दोन पायांवर उभं राहणं, स्टुलावरून उडी, पायांच्या रिंगणातून उडी हे मी मोठ्या कुत्र्यांना घरात शिकवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. लहान पॉमेरेनियनला जे शोभतं, ते ३४ किलोला महागात पडतं. चारही पाय जमिनीला धरून आणि सावकाश करायच्या गोष्टी निवडायच्या. घाईघाईने करण्यापेक्षा सावकाश करायला त्याला डोकं जास्त लावावं लागतं, आणि तो थकतोही जास्त.

खाऊबद्दल तुमची काळजी रास्त आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबपैकी एकाच्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अशा कुत्र्याला भूक खरंच लागलेली असते, तो ढोंग करत नसतो. शिकवायला हे सोयीचं, वजनाला धोक्याचं. ब्रूनोच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० ते १५०० कॅलरी लागतात, दिवसभर पडून असेल तर त्याहून कमी. खाऊचा वाटा त्यातला फार तर दहावा, म्हणजे १४० कॅलरी. उकडलेल्या बोनलेस चिकनचे ते ८० ग्रॅम होतात. पनीर घेतलं तर ५० ग्रॅमच, कारण त्यात चरबी जास्त. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा करा. शिकताना कुत्र्याला छोटा तुकडाही पुरतो. ८० ग्रॅम चिकनमध्ये दिवसभर पुरून उरतील इतके तुकडे होतात. आणि जेवढा खाऊ दिला, तेवढं जेवण कमी करायचंच.

घरात मांसाहार नसेल तर रोजच्या कोरड्या खाद्यातलंच मूठभर घ्या, पनीरच्या पाच-सहा तुकड्यांबरोबर रात्रभर एका डबीत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सगळ्यालाच पनीरचा वास लागलेला असतो. सोप्या कामाला गाजर, काकडी, बिया काढलेलं टरबूज चालतं. हंगामात संत्र्याची सोललेली, बी काढलेली एखादी फोडही चालते, पण संत्रा बर्फी नाही. ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, ती बंदच करा. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट कधीच नाही. शुगर-फ्री गोळ्यांत आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं, ते थोडंसंही कुत्र्याला विष आहे. आणखी एक उन्हाळ्याची गोष्ट: उकडलेलं चिकन बाहेर तासभर राहिलं तर टाकून द्या. एका सरावापुरतंच काढायचं, बाकी फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागणार असेल तर फ्रीझरमध्ये.

सराव जेवणाआधी घ्या, जेवल्यावर लगेच नको. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. भरल्या पोटी लोळायला, गिरक्या घ्यायला लावू नये.

आता प्रत्यक्ष शिकवणं. पहिली गोष्ट नाक-हात. रिकामा तळहात त्याच्या नाकापासून चार बोटांवर, नाकाच्याच उंचीला धरा. तो हुंगायला नाक लावेल. टक्, खाऊ. हळूहळू हात दूर, मग उजवीकडे, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दिसायला किरकोळ आहे, पण पुढे यातूनच सगळं निघतं. तळहाताच्या मागे त्याला गोल फिरवलं की फिरकी झाली (दोन्ही बाजूंनी शिकवा, आणि मोठा गोल घ्या). सोफ्यावरून उतरवायचं असलं, दारातून बाजूला करायचं असलं, डॉक्टरांच्या वजनकाट्यावर चढवायचं असलं, तरी पट्टा ओढावा लागत नाही.

दुसरं माझं सगळ्यात आवडतं आहे: पाट. जेवायला बसायचा जुना लाकडी पाट घरात असेल तर तो काढा. उंची चार-पाच बोटं, म्हणजे सांध्यांवर ताण नाही. खाली रबरी चटई, म्हणजे सरकणार नाही. खाऊ दाखवून पुढचे दोन पाय पाटावर घ्यायचे, टक्, आणि खाऊ पाटावरच द्यायचा. काही सरावांत पाट दिसला की तो स्वतःच पाय ठेवेल. मग तुम्ही पाटाच्या बाजूने एक पाऊल सरका. त्याला तुमच्याकडे तोंड ठेवायचं असतं, म्हणून पुढचे पाय पाटावरच ठेवून तो मागचे पाय सरकवेल. एक पाऊल सरकलं तरी टक्. मोठ्या कुत्र्याला आपला मागचा भाग कुठे आहे याची फारशी जाणीव नसते. शेपटीने टीपॉयवरचे कप पाडणं, वळताना आजोबांच्या पायांना धडकणं हे त्यातूनच होतं. पाटाभोवती पूर्ण फेरी घ्यायला लागला की त्याचं घरातलं वावरणंच बदलतं. बघणाऱ्याला वाटतं हत्ती सर्कशीत फिरतोय, आणि तो स्वतः मात्र पूर्ण एकाग्र असतो.

याच जाणिवेसाठी ‘मागे’ शिकवा. दिवाण आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात त्याला उभं करा, म्हणजे वळायला जागा नाही. तुम्ही समोर. एक तुकडा त्याच्या पुढच्या पायांच्या मधून किंचित मागे सरकवा. तो घ्यायला त्याला पाऊलभर मागे जावंच लागतं. ते पाऊल पडलं की टक्. पुढचा खाऊही तिथेच, मागेच द्या. तुमच्या हाताकडे बोलावून दिलात तर तो मागे जाऊन लगेच पुढे धावायला शिकेल. खाऊच्या जागेचं मी इतकं का सांगतो आहे, हे इथे लगेच दिसतं.

नमस्कार शिकवायला खाऊ दाखवायचीही गरज नाही. झोपेतून उठल्यावर कुत्रा पुढचे पाय लांब करून, मागचा भाग वर ठेवून आळस देतो, तोच नमस्कार. सकाळी डबी जवळ ठेवा, आळस दिला की टक् आणि खाऊ. तो आश्चर्याने बघेल. आठवडाभर रोज पकडत राहिलात की तो मुद्दाम आळस देऊन तुमच्याकडे बघायला लागतो. तेव्हा खूण जोडा, तुमचे जोडलेले हात. मुलीला हे काम द्या. मुलं असे क्षण आपल्यापेक्षा चांगले टिपतात.

हनुवटी टेकवणं मी प्रत्येक मोठ्या कुत्र्याला शिकवतो. खुर्चीवर बसून मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवा, त्याच्या पलीकडे खाऊ धरा. तो घ्यायला हनुवटी टॉवेलला लागली की टक्. नंतर एक सेकंद, तीन सेकंद, दहा सेकंद. घरात बघायला गोड दिसतं, आणि कान साफ करताना, डोळ्यांत थेंब टाकताना, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात रक्त काढताना चार जणांनी दाबून धरायची वेळ येत नाही. त्याने हनुवटी उचलली तर आपण हात काढून घ्यायचा, हा नियम मात्र पाळा. थांबवण्याची मुभा आपल्याकडे आहे हे कळलं की तो जास्त वेळ टिकतो.

टळटळीत दुपारसाठी शोध. स्टीलच्या चार-पाच वाट्या उलट्या मांडा, एकीखाली खाऊ. सुरुवातीला त्याच्यासमोर ठेवा, मग तो दुसऱ्या खोलीत असताना. बरोबर वाटीशी थांबला की तुम्ही वाटी उचला. जमलं की वाट्या सोडून खोलीत लपवा: पडद्यामागे, दिवाणाच्या पायाशी, चपलांच्या स्टँडवर. नाकाने शोधण्यात कुत्र्याचा मेंदू गुंततो, आणि दहा मिनिटं शोधून झाल्यावर तो पंख्याखाली स्वतःहून आडवा होतो. सोफ्याचे कोपरे यानेच वाचतील. लॅबला तोंडात धरून आणण्याची जन्मजात ओढ असते, म्हणून पुढची पायरी खेळणी टोपलीत टाकणं. हे शेवटाकडून शिकवा: खेळणं त्याच्या तोंडात असताना टोपली हनुवटीखाली धरा आणि खाऊ दाखवा. तोंड उघडलं, खेळणं टोपलीत पडलं, टक्. मग टोपली जमिनीवर, मग एक पाऊल लांब, मग खोलीच्या पलीकडे. वेळ लागतो, घाई करू नका.

मेल्याचं सोंग, शेकहँड वगैरे सगळ्यांना माहीत आहे, दरीवर करा, हरकत नाही. पाहुण्यांसमोर शेकहँड मात्र टाळा, कारण उत्साहात पंजा वर येतो आणि नखं लागतात.

एवढ्या मोठ्या तोंडातून खाऊ हळू घेणंही शिकवावं लागतं. मुठीत तुकडा ठेवा. दात लागले तर मूठ बंदच. ओठ किंवा जीभ लागली की मूठ उघडा. मुलीने हाताने द्यायचंच नाही, तिने वाटीत टाकावं.

खाऊ कायम द्यावा लागेल का? शिकण्याच्या काळात प्रत्येक वेळी द्यायचा. पक्कं झाल्यावर कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, आणि कधी अचानक तीन तुकडे एकदम. पूर्ण बंद करू नका. त्याला हव्या असलेल्या इतर गोष्टीही मोबदला म्हणून वापरता येतात: बाल्कनीचं दार उघडणं, पट्टा काढून हातात घेणं, जेवणाचं भांडं खाली ठेवणं. त्याआधी एक नमस्कार, एक ‘मागे’.

सराव चालू असताना त्याने वारंवार जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं किंवा जमीन हुंगत बसला, तर तो कंटाळलाय किंवा गोंधळलाय. एखादी अगदी सोपी गोष्ट करून घ्या, खाऊ द्या आणि थांबा. महिन्यातून एकदा वजन करा; बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत.

राहिले आजोबा. त्यांच्या हातून बिस्किट सुटत नाही असं तुम्ही लिहिलंत. त्यांना नाही म्हणू नका, त्यांना चटईचं काम द्या. त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर ब्रूनोची चटई अंथरायची, आजोबांच्या हाताशी कोरड्या खाद्याच्या तुकड्यांची वाटी. ब्रूनो चटईवर आला की त्यांनी एक तुकडा चटईवर टाकायचा. आडवा झाला की आणखी एक. पेपर वाचताना अधूनमधून एक. वाकायचं नाही, हातातून द्यायचं नाही, ओरडायचं नाही. तुकडे सकाळीच मोजून वाटीत ठेवा, वाटी संपली की त्या दिवसाचं काम संपलं. दारावरची बेल वाजली की ब्रूनो दाराकडे झेपावण्याऐवजी त्या चटईकडे जाऊ शकेल, पण बेलचा सराव आजोबा आणि तो आठ-दहा दिवस शांतपणे बसायला लागल्यावरच सुरू करा. आधी मुलीने बाहेर जाऊन बेल वाजवायची, पाहुण्यांची वेळ त्यानंतर.